काविळीची माळ की रक्ततपासणी?

धायरीतल्या मैत्रिणीच्या भावाला कावीळ झालीये, आई म्हणते आधी काविळीची माळ (ओल्या काड्या दोऱ्यात ओवलेली, ती लांब होत गेली की कावीळ उतरतेय असं मानतात) घालून आणू, तो म्हणतो डॉक्टर, आणि ही बिचारी मधल्यामधे अडकलीये, म्हणून लिहितेय.

खर्च: माळ बऱ्याचदा फुकट. बिलिरुबिन, एसजीपीटी (काविळीच्या नि लिव्हरच्या रक्ततपासण्या), सोनोग्राफीला पैसे लागतात, ससूनमध्ये (पुण्याचं सरकारी हॉस्पिटल) बरेच कमी.

गुण येतो का? हिपॅटायटिस ए (विषाणूमुळे लिव्हरला येणारी सूज, काविळीचं एक कारण) बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपला आपणच बरा होतो, त्यामुळे गळ्यात माळ असली की श्रेय तिलाच जातं. ती लांब होते कारण ओल्या काड्या सुकून बारीक होतात नि दोरा सैल पडतो, आजार उतरतोय म्हणून नाही. पण पित्तनलिकेत खडा अडकला असेल किंवा हिपॅटायटिस बी असेल तर ते माळेवरून कळणार कसं?

धोका: माळेचा नाही, वाया गेलेल्या दिवसांचा. पोटात झाडपाला देणाऱ्यांकडे मात्र प्लीज जाऊच नका, लिव्हर आधीच दुखावलेलं असतं.

धीर देण्यात माळ पुढे आहे हे मी मनापासून मानते, गर्दीच्या ओपीडीत आईची काळजी ऐकायला कुणाला वेळ नसतो.

तर तपासणी सगळ्यांनीच करा, पहिल्याच दिवशी. रिपोर्ट बघून डॉक्टर घरी आराम करा म्हणाले तर आईच्या समाधानासाठी माळ घाला, हरकत नाही. गरोदर बाई (हिपॅटायटिस ई तिच्या जिवावर बेतू शकतो), तान्हं बाळ, दारू पिणारा, किंवा पेशंट गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल तर माळेसाठी थांबूच नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.