‘बाहेरचा माल’ म्हणून मला विकलेला शॉकअप

नागपुरात जुन्या ॲडव्हेंचर बाइकसाठी मागचा शॉकअप (धक्के झेलणारा शॉक ॲब्झॉर्बर) शोधणारे आता बरेच जण भेटतात. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ पहिल्यांदा २०१६ साली आली, नवी हिमालयन ४५० आल्यावर ती बंद झाली, आणि रस्त्यावर उरलेल्या कितीतरी गाड्यांचा मूळ शॉकअप आता थकला आहे. २०१९ च्या सुमारास घेतलेल्या हिरोच्या एक्सपल्सचीही तीच गत. अशा गिऱ्हाइकाला काय सांगितलं की तो पैसे काढतो, हे नेमकं ठाऊक असलेले काही दुकानदार आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाने मला साडेअकरा हजारांना फसवलं. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे. शॉकअपवर ज्या परदेशी कंपनीचं स्टिकर होतं तिचंही नाव घेत नाही, कारण तो शॉकअप तिचा नव्हताच. पद्धत मात्र सगळी लिहितो. हीच पद्धत दुसऱ्या दुकानात, दुसऱ्या गाडीवरही चालते.

माझी गाडी हिमालयन ४११. शॉकअपच्या रॉडवर तेलाचा ओशटपणा दिसायला लागला, त्यावर धूळ चिकटून काळा थर बसला, आणि गतिरोधकावरून उतरलं की मागचा भाग दोन-तीनदा वरखाली होऊन मगच थांबायचा. या गाडीला मागे एकच मोनोशॉक आहे, सीटखाली, लिंकेजवर (चाकाची हालचाल शॉकअपपर्यंत नेणाऱ्या सांध्यांवर) बसवलेला. मागचं चाक १८० मिलिमीटर हलतं, पण शॉकअपचा रॉड त्याहून बराच कमी सरकतो. म्हणजे चाकावरचा भार शॉकअपपर्यंत पोचेपर्यंत वाढलेला असतो. बीएस-६ ची गाडीच १९९ किलोची. त्यावर आम्ही दोघं आणि दोन्ही बाजूंच्या बॅगा. एवढं सगळं त्या एका नळीवर येतं, त्यामुळे ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणण्यासारखा हा पार्ट नाही.

दुकान शहराच्या मध्यवस्तीत. काउंटरवर शॉकअप काढून ठेवला तो बघणाऱ्याच्या नजरेत भरेल असाच होता: सोनेरी बॉडी, जाड स्प्रिंग, बाजूला पाइपने जोडलेला गॅसचा डबा आणि खाली रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉकअप परत येण्याचा वेग कमी-जास्त करायची, गोल चकती. दुकानदाराने ती चकती माझ्या कानाजवळ आणून फिरवली. टक, टक, टक. “ऐका न भाऊ, एकेक क्लिक मोजून घ्या. बाहेरचा माल आहे. एका साहेबानं नवीन लावला आणि महिन्याभरात वरचं मॉडेल घेतलं, म्हणून हा आपल्याकडे आला. नाहीतर या भावात कोण देते?”

गॅसच्या डब्यात नायट्रोजन भरलेला आहे का, हे मी विचारलं. “कालच भरला.” वॉरंटी? “सहा महिने, आपण इथंच बसलो आहो न.” बिल? इथे आवाज थोडा खाली आला. “पक्कं बिल पाहिजे असन तर अठरा टक्के वेगळे लागतीन, भाऊ.” मिळाली ती छापील पावती, तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. वॉरंटी कार्ड त्यांनीच छापलेलं, शिक्काही त्यांचाच. पैसे काउंटरवरच्या क्यूआरवर न घेता एका मोबाइल नंबरवर घेतले, आणि भरताना फोनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. “भाचा आहे.” गाडी ठेवून जा, संध्याकाळी या, असं सांगितलं. आणि सर्वांत महत्त्वाचं, माझा जुना शॉकअप त्यांनी ठेवून घेतला. एक्स्चेंज म्हणून हजार रुपये कमी केले, ते मला सवलत म्हणून ऐकवलं. त्या हजार रुपयांकडे पुन्हा येतो, कारण खरी मेख तिथे आहे.

पहिले काही दिवस गाडी छान वाटली. त्याचंही कारण आहे. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक असली की गाडी शहरात ‘टाइट’ लागते, आणि माणसाला टाइट म्हणजे नवीन असंच वाटतं. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांवर तर शॉकअपची परीक्षाच होत नाही. स्प्रिंगचं काम भार झेलायचं. दाबली गेलेली स्प्रिंग उसळी मारून परत येते तेव्हा तिला आवरायचं काम आतल्या तेलाचं, त्याला डॅम्पिंग म्हणतात. पिस्टनच्या बारीक वाटांतून तेल जबरदस्तीने जातं, त्यात धक्क्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. स्प्रिंग डोळ्यांना दिसते, डॅम्पिंग दिसत नाही. हा सगळा धंदा एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे.

हिवाळ्यात आम्ही दोघं चिखलदऱ्याला निघालो. समृद्धीवर दुचाकीला बंदी, म्हणून अमरावतीच्या जुन्याच हायवेने, पुढे परतवाड्यावरून घाट. अमरावतीपर्यंत ठीक. घाटात एका उतरणीच्या वळणावर डांबर उखडलं होतं. तिथे मागचं चाक जे नाचायला लागलं ते थांबेचना. ब्रेक दाबला की चाक जमिनीवर नसायचं, एबीएस थरथरायचं, गाडी बाहेरच्या बाजूला सरकायची. बायको सीटवरून उचलली जात होती. तिने माझे खांदे इतके घट्ट धरले होते की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. दरीकडची बाजू होती. समोरून एसटी आली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करू शकत नाही.

गाडी बाजूला लावून मी शॉकअपला हात लावला. इतक्या खराब रस्त्यानंतर बॉडी चांगली तापायला हवी होती. ती कोमटही नव्हती, आणि गॅसचा डबा तर थंडगार. धक्के खाऊन जो शॉकअप तापत नाही, तो धक्के जिरवत नाही, ते तसेच गाडीत परत पाठवतो. त्यानंतर गाडी अगदी सावकाश चालवत आम्ही परत आलो.

हिंगणा एमआयडीसीत शॉकअपचं काम करणारे एक जुने मिस्त्री आहेत, तिथे तो उघडला. मोबाइल स्टँडवर लावून पूर्ण व्हिडिओ केला. आधी त्यांनी डब्यावरचा व्हॉल्व्ह दाबला. भरलेला शॉकअप असेल तर गॅस जोरात सुटतो. इथे सायकलच्या ट्यूबमधून निघते तेवढी हवा निघाली. मग त्यांनी डब्याचा पाइप जिथे बॉडीला जोडला होता तो बोल्ट काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “याच्यातून आरपार पाहा बरं, दादा.” आरपार काही दिसेना. बोल्टला भोकच नव्हतं. बॉडीतलं तेल डब्यात जाण्यासाठी वाटच ठेवलेली नव्हती, डबा नुसता शोभेला जोडला होता. क्लिक करणाऱ्या चकतीच्या आत एक छोटी गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग, आवाज काढण्यापुरती. तेलाची वाट लहान-मोठी करणारी सुई नव्हती. मुख्य नळीत निम्म्याहून कमी तेल, पातळ, हवेत घुसळून राखाडी फेस झालेलं. कंपनीचं स्टिकर हीट गनखाली पूर्ण निघालं, त्याखाली कुठलाही नंबर कोरलेला नव्हता. स्प्रिंगवरचा आकडा ग्राइंडरने घासून वर रंग मारला होता.

स्वस्त चिनी शॉकअप म्हणून कुणी हाच माल तीन हजारांत उघडपणे विकला असता तर मी त्याला फसवणूक म्हटलं नसतं. माल साधा आहे हे कळून घेणारा त्या बेताने गाडी चालवतो. मला राग आहे तो आंधळ्या बोल्टचा आणि सुईशिवायच्या चकतीचा. माणसाचा जीव ज्या वस्तूवर आहे, तीत कुणीतरी मुद्दाम बसून खोटा आवाज तयार केला आहे.

आता त्या हजार रुपयांबद्दल. मी माझ्या जुन्या शॉकअपचे आधी काढलेले फोटो मिस्त्रींना दाखवले. रॉड सरळ होता, क्रोमवर खड्डे नव्हते, तेल फक्त सीलमधून झिरपत होतं. ते म्हणाले, यात सील आणि तेल बदलून नायट्रोजन भरला असता तर तुमचं काम झालं असतं. अशा जुन्या मूळ शॉकअपला बाजारात चांगली मागणी आहे. रंग मारून तोच ‘रिकंडिशन’ म्हणून पुढच्याला जातो. म्हणजे दुरुस्त होण्यासारखा खरा माल काढून घेतला, आणि खोटा बसवून वर पैसे घेतले. म्हणून सांगतो, काहीही झालं तरी जुना शॉकअप दुकानात सोडू नका. तो तुमचा आहे, घरी आणा, जुन्या कपड्यात गुंडाळून ठेवा.

स्वस्तात काम करायचं असेल तर माझ्या मते पहिला पर्याय हाच, मूळ शॉकअपची दुरुस्ती. कंपनीचे बरेच शॉकअप उघडण्यासाठी बनवलेले नसतात, पण लेथवर हात बसलेला मिस्त्री ते करतो. त्याला एकच विचारा, नायट्रोजन कशाने भरता? शॉकअपमधला दाब साधारण १० बार किंवा त्याहून जास्त असतो, म्हणजे दीडशे पीएसआयच्या आसपास. टायरचं काम तीस-पस्तीस पीएसआयमध्ये होतं. पंपावरच्या नायट्रोजनच्या मशीनवर शॉकअप भरून आणतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. साधी कंप्रेसरची हवाही चालत नाही, तिच्यातल्या ओलाव्याने आणि ऑक्सिजनने तेल खराब होतं. क्रोमला खड्डे पडले असतील तर मात्र नवीन सील लवकरच फाटेल, तिथे दुरुस्तीवर खर्च करू नका. अधिकृत डीलरकडून कंपनीचाच नवा घ्या, प्रीलोडशिवाय (स्प्रिंग आधीच किती आवळून ठेवायची ते) त्यात काही फिरवता येत नसलं तरी.

दुसऱ्या कंपनीचा घ्यायचाच असेल तर दुकानात उभं राहूनच तपासा. स्प्रिंग काढून रॉड दाबायला लावा. तयार शॉकअपचा रॉड दाबताना सगळीकडे सारखा अडतो आणि सोडल्यावर गॅसच्या दाबाने हळूहळू स्वतःच बाहेर येतो. मधेच कुठे हात सटकन आत गेला तर तिथे तेल नाही, हवा आहे. रिबाउंडची चकती पूर्ण बंद करून एकदा, पूर्ण उघडून एकदा रॉड सोडा, परत येण्याच्या वेगात फरक दिसलाच पाहिजे. क्लिक ऐकू नका, रॉडकडे पाहा. स्प्रिंगवर तिचा कडकपणा किती न्यूटन प्रति मिलिमीटर ते लिहिलेलं असावं आणि तो आकडा तुमच्या गाडीसाठी, तुमच्या वजनासाठी आहे का, हे विचारा. दोन डोळ्यांमधली (शॉकअप बोल्टने बसवायच्या दोन टोकांच्या भोकांमधली) लांबी जुळली म्हणजे शॉकअप जुळला असं नाही, रॉड किती सरकतो तेही जुळायला हवं, नाहीतर टायर मडगार्डला घासतो किंवा लिंकेजवर ताण येतो.

बसवल्यावर सॅग, म्हणजे भाराने गाडी मागे किती दबते ते, मोजा. गाडी उचलून मागचं चाक लोंबकळतं ठेवा आणि एक्सलपासून वर सीटखालच्या एखाद्या ठरलेल्या बिंदूपर्यंत माप घ्या. मग नेहमीच्या सामानासकट बसून तेच माप मित्राला घ्यायला सांगा. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा, १८० मिलिमीटरच्या गाडीत ५५ ते ६० च्या आसपास. प्रीलोड बराच आवळूनही गाडी जास्तच बसत असेल तर स्प्रिंग मऊ आहे. प्रीलोडने उंची बदलते, स्प्रिंगची ताकद बदलत नाही. उलट, तुम्ही दोघं बसूनही गाडी जेमतेम दबत असेल, जशी माझी होती, तर स्प्रिंग तुमच्यासाठी नाही.

आणि कच्च्या बिलावर घेऊ नका. सुटे भाग २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांच्या जीएसटीत आहेत. त्या कराने वाढणारे पैसे म्हणजे पुढे भांडायचा हक्क. महाराष्ट्रातल्या दुकानाचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की दुकान कुणाच्या नावावर आहे ते कळतं.

मी परत गेलो तेव्हा ऐकायला मिळालं, “तुम्ही उघडला न भाऊ, आता वॉरंटी कशाची?” मी वाद घातला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, आणि उत्तर न आल्यावर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. वस्तूतला दोष तपासल्याशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून सगळे भाग, तो बोल्टसुद्धा, मिस्त्रींच्या लेटरहेडवरच्या मजकुरासह सीलबंद पिशवीत ठेवले आहेत.

सोनेरी बॉडीचा, डबा जोडलेला असा शॉकअप नागपुरात कच्च्या पावतीवर घेतलेले आणखी काही जण नक्की असतील. त्यांनी आधी तो पाइपचा बोल्ट एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून, व्हिडिओ चालू ठेवून, काढून पाहावा. डब्यात खरा दाब असू शकतो, त्यामुळे घरी पाना लावू नये. बोल्ट बंद निघाला तर गाडी घाटात नेऊ नये, आणि पावती, यूपीआयचा मेसेज, दुकानदाराशी झालेले व्हॉट्सॲप चॅट यातलं काहीही पुसू नये.