महापालिकेच्या प्रसूतिगृहातील साखर तपासणी: चाचणी चोख, समजावणे तोकडे

धाकट्या बहिणीला सातवा महिना लागत असताना आमच्या भागातील प्रसूतिगृहात गरोदरपणातील मधुमेहाची तपासणी झाली आणि तपासणीपुरते बोलायचे तर तिथे नाव ठेवायला जागा नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान करायची असते. तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही, ही दुरून बस बदलून येणाऱ्या बाईसाठी मोठीच सोय आहे. सिस्टरांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज स्टीलच्या पेल्यात ढवळून दिले, पिऊन झाल्याची वेळ केसपेपरवर टिपली आणि बरोबर दोन तासांनी रक्त घेतले. साखर १४६ आली. १४० किंवा त्याहून अधिक आली की मधुमेह धरतात. पैसे एक रुपयाही लागले नाहीत.

उणीव आहे ती समजावण्यात. शेजारच्या बाकावरील बाईला दहाव्या मिनिटाला उलटी झाली. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाल्यास दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा घ्यावी हा नियमच आहे, त्यामुळे तिला परत बोलावले ते योग्यच, पण हे पाणी कशासाठी, असे तिने विचारताच मावशी म्हणाल्या, “अशक्तपणा जावा म्हणून.” एवढ्यासाठी दुसऱ्या दिवसाची मजुरी कोण बुडवील? ती बाई पुन्हा दिसली नाही.

आहाराचा छापील कागद मिळाला, त्यात ओट्स आणि ब्रोकोली होते, भाकरीचा उल्लेखच नव्हता. “दोन जिवांची आहेस, खा” असे म्हणत लाडूचा डबा पुढे करणाऱ्या सासूबाईंना काय सांगावे, हेही त्यात नव्हते. ते शेवटी आशाताईंनी घरी येऊन सांगितले, किती भाकरी आणि किती भात ते ताटात वाढून दाखवले, आणि दोन आठवड्यांनी जेवणानंतरची साखर १२०च्या खाली आली. इन्सुलिनची वेळ आली नाही.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासायची असते, कारण अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या लसींच्या तारखा ठळक होत्या, आईच्या तपासणीची तारीख मात्र कुठेच नव्हती. दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी बहिणीला उपाशीपोटी नेऊन आम्हीच आठवण केली, तेव्हा सिस्टरांनी विनातक्रार तपासणी करून दिली.