कोरल की इलस्ट्रेटर? प्रिंटच्या कामात लेयर कुठे नीट लागतात ते बघा

जळगाव-भुसावळकडे डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची फाइल तयार करणं) सुरू करणारी पोरं हमखास विचारतात, भाऊ कोरल शिकू का इलस्ट्रेटर (डिझाइन काढायची दोन सॉफ्टवेअर, कोरलड्रॉ आणि ॲडोबी कंपनीचं इलस्ट्रेटर), आणि सगळे किमतीवर नाहीतर टूलवर बोलतात, लेयरचं (एकावर एक ठेवलेले थर, ज्यांवर डिझाइनचा एकेक भाग वेगळा ठेवतात) कोणी नावच काढत नाही. माझं म्हणणं, प्रिंटवाल्याने आधी तेच बघावं, कारण प्रेसवाल्याला तुमच्या फाइलमधून फॉइल (चकाकणारा सोनेरी-चंदेरी ठसा) वेगळं, कटिंग वेगळं, मजकूर वेगळा काढायचा असतो, आणि सगळं एकाच लेयरवर कोंबलेलं असलं की त्याचा निम्मा वेळ उपसाउपशीतच जातो.

आधी कोरल. इथे लेयर पानापुरते असतात, दुसऱ्या पानावर गेलं की त्याचे लेयर वेगळे, आणि जे सगळ्या पानांवर लागतं त्याच्यासाठी मास्टर लेयर. तोही सम पानांचा वेगळा, विषम पानांचा वेगळा करता येतो. समजा गावच्या सप्ताहाची 16 पानी स्मरणिका आली तर बॉर्डर, मंडळाचं नाव, पान नंबर मास्टरवर टाकायचं, बॉर्डरचा रंग बदलायचा म्हटलं तर एका जागी बदलला की झालं. इलस्ट्रेटरमध्ये मास्टर पेज हा प्रकारच नाही, 16 आर्टबोर्डवर (आर्टबोर्ड म्हणजे तिथलं पान) बॉर्डरच्या 16 कॉपी ठेवाव्या लागतात, म्हणून पुस्तकी कामात मी तरी डोळे झाकून कोरल सांगेन (ॲडोबीच वापरायचं असेल तर त्या कामाला इनडिझाइन आहे).

आता पॅकिंगचं काम घ्या, केळीच्या वेफर्सचा डबा समजा, साधे, तिखट, टोमॅटो असे तीन फ्लेवर. इलस्ट्रेटरमध्ये लेयर अख्ख्या फाइलचे असतात, आर्टबोर्ड कितीही असू द्या. सगळ्यात वर कटिंग-क्रीजचा (कापायच्या आणि घडीच्या रेषांचा) लेयर, त्याला स्पॉट कलर (वेगळी प्लेट निघणारा रंग) आणि ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता वर छापणं) देऊन लॉक, त्याखाली स्पॉट यूव्ही (ठरावीक भागावरचं चमकदार कोटिंग), मग मजकूर, मग फोटो. कटिंग लेयरच्या डोळ्यावर (दाखवायचं-लपवायचं चिन्ह) एक क्लिक केलं की तिन्ही डब्यांवरची लाइन एकदम गायब, खालचं डिझाइन मोकळं दिसतं. लेयरच्या पोटात सबलेयर करून फ्लेवरप्रमाणे मजकूर वेगळा ठेवता येतो. आणि लेयर पॅनलच्या मेनूत ‘पेस्ट रिमेंबर्स लेयर्स’ चालू ठेवा, नाहीतर एका फाइलमधून दुसरीत पेस्ट केलेलं सगळं एकाच लेयरवर येऊन पडतं. डबा, पाउच, लेबल हेच काम जास्त असेल तर इलस्ट्रेटरच घ्या, कोरलमध्ये हे होतं पण प्रत्येक पानावर तेच लेयर परत मांडावे लागतात.

एक गोष्ट मात्र दोन्हीत नीट समजून घ्या, इथे माल वाया जातो. कोरलमध्ये लेयरच्या नावाजवळ डोळा, प्रिंटर आणि कुलूप असे तीन आयकॉन असतात, आणि बऱ्याच व्हर्जनमध्ये डोळा बंद केला तरी प्रिंटर चालू असेल तर तो लेयर छापला जातो. म्हणजे लपवलेला जुना रेट किंवा जुनी तारीख सरळ फ्लेक्सवर येऊ शकते. डोळा बंद करताना प्रिंटरही बंद करायचाच. इलस्ट्रेटरमध्ये लपवलेला लेयर प्रिंटला जात नाही, आणि दिसायला हवा पण छापायला नको असेल तर लेयरवर डबल क्लिक करून प्रिंटची टिक काढायची, नाव तिरकं दिसायला लागतं, लगेच कळतं. या बाबतीत इलस्ट्रेटर मला जास्त भरवशाचं वाटतं.

फोटोशॉपचं एवढंच की फोटो तिथे करा, लग्नपत्रिकेची बारीक अक्षरं नको. नावं गुरुजींना दाखवल्यावर बदलतातच, म्हणून मजकूर कर्व्ह (अक्षरांचे नुसते आकार करणं, मग टाइप करून बदलता येत नाही) करण्याआधी त्या लेयरची कॉपी करून ‘टेक्स्ट-मूळ’ नाव द्या, डोळा आणि प्रिंट दोन्ही बंद. हे कोरल-इलस्ट्रेटर दोन्हीत चालतं.

आपल्याकडे धुळे, नंदुरबार, जळगावात फ्लेक्सवाले, पत्रिकावाले बहुतेक सीडीआरच (कोरलची फाइल) मागतात, त्यामुळे एकच शिकायचं असेल तर कोरलपासून सुरुवात करा, पॅकिंगची गिऱ्हाइकं यायला लागली की इलस्ट्रेटर. आणि फाइल पाठवायच्या आधी प्रेसला त्यांचं व्हर्जन विचारा, नव्या कोरलची फाइल जुन्यात उघडत नाही, सेव्ह करतानाच व्हर्जन खाली उतरवून द्यावं लागतं.