खुराड्यासाठी पर्मेथ्रिनचे फवारणी औषध: मऊ गोचिडांवर कितपत उपयोगी?

पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेले हे द्रावण पाण्यात सहज मिसळते आणि थेट संपर्कात आलेली गोचीड लवकर मारते; परंतु वेष्टनावर केवळ पक्ष्यांवर फवारण्याची सूचना असणे मला अगदीच अपुरे वाटते. आर्गास पर्सिकस ही कोंबड्यांवरील मऊ गोचीड दिवसा भिंतींच्या भेगांत आणि बसण्याच्या दांड्यांच्या सांध्यांत दडून राहते, रात्री बाहेर येऊन साधारण अर्ध्या तासात रक्त पिते आणि पुन्हा लपते. पक्ष्याच्या कातडीला काही दिवस चिकटून राहतात त्या फक्त तिच्या अळ्या. त्यामुळे पक्षी स्वच्छ दिसला तरी खुराडे बाधित असू शकते. प्रौढ गोचीड रक्ताविना वर्षाहून अधिक काळ तग धरत असल्याने खुराडे काही महिने रिकामे ठेवणेही व्यर्थ ठरते. भेगांत दाबाने फवारल्यावर या औषधाचा परिणाम स्पष्ट दिसला, मात्र नव्याने बाहेर पडणाऱ्या अळ्यांसाठी फवारणी पुन्हा करावी लागली. बोरेलिया अँसेरिना या जिवाणूमुळे कोंबड्यांना होणारा स्पायरोकिटोसिस हा आजार हीच गोचीड पसरवते, तेव्हा एवढे कष्ट घ्यायलाच हवेत. मांजरांना पर्मेथ्रिन विषारी असते, हा इशारा ठळकपणे छापल्याबद्दल उत्पादकाचे कौतुक वाटते.