सेसना १७२ चे चौदा महिने: दावणीला बांधलेलं विमान

गेल्या वर्षी मार्चच्या शेवटी मी १९७४ सालचं सेसना १७२ एम घेतलं. त्याला आता चौदा महिने झाले आणि टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाचे तास मोजणाऱ्या तबकडीवर, माझ्या हातचे १२७ तास चढले. घेण्याआधी मिळेल ते वाचून काढलं होतं, पण ते सगळं इंग्रजीत. आपल्या माणसांपैकी कुणी विमान घेतलं, बाळगलं आणि पुढे काय झालं ते मराठीत सांगितलं, असं मला काही सापडलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मध्य न्यू जर्सीत राहतो. घरापासून गाडीने पंचवीस मिनिटांवर एक छोटा विमानतळ आहे, तिथे हे विमान उघड्यावर उभं असतं. दोन पंखांना दोन आणि शेपटाला एक असे तीन दोर. इथे त्याला टाय-डाउन म्हणतात. मी घरी दावणच म्हणतो. हा शब्द पहिल्याच आठवड्यात तोंडात बसला आणि वर्षभरात तो किती खरा आहे ते कळलं. आजोबांच्या गोठ्यात काम नसलेल्या दिवसांतही बैलाला बाहेर काढून फिरवून आणत. उभं राहून जनावर बिघडतं, असं ते म्हणत. विमानाचंही तसंच आहे, आणि मला मुख्यतः तेच सांगायचं आहे.

आधी खरेदीचं. १७२ का, तर मी शिकलो याच्यावर, सुटे भाग मिळतात आणि कुठल्याही मेकॅनिकला हे विमान माहीत असतं. १९५६ पासून आजवर ४४ हजारांहून जास्त १७२ तयार झाली. दुसऱ्या कुठल्याही विमानाची इतकी संख्या नाही. माझ्या एम मॉडेलमध्ये लायकमिंगचं चार सिलिंडरचं ओ-३२० इंजिन आहे, १५० अश्वशक्तीचं. तासाला साधारण ८ गॅलन पेट्रोल पितं आणि १०५ नॉट, म्हणजे ताशी १९५ किलोमीटरच्या आसपास नेतं.

पहिलं विमान पाहिलं ते दिसायला देखणं होतं. रंग नवा, आतलं चामडं नवं. विकणारे गृहस्थ अभिमानाने सांगत होते की गेल्या सहा वर्षांत फक्त ३० तास उडालंय. मला ते ऐकून बरंच वाटलं होतं, कमी चाललेली गाडी मिळाल्यासारखं. पण मी खरेदीपूर्व तपासणीला नेलेल्या मेकॅनिकने लॉगबुकं पाहिली आणि एक सिलिंडर काढून आत बघायची परवानगी मागितली. कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, गंजाचे खड्डे होते. ते विमान मी सोडलं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, वर बसवलेला असतो. इंजिन चालू असताना त्याच्यावर तेल उडत राहतं; बंद केलं की ते हळूहळू निथळून खाली जातं. महिनाभर विमान उभं राहिलं की वर उघडं पोलाद आणि हवेतला दमटपणा, एवढंच उरतं. बारीक गंज धरतो. पुढे इंजिन सुरू झालं की तो गंज घासला जातो, कॅमचे उंचवटे झिजतात आणि लोखंडाचा कीस तेलात उतरतो. उत्पादक या इंजिनाला दोन ओव्हरहॉलमध्ये (इंजिन पूर्ण उघडून पुन्हा नव्याने बांधणं) २००० तास देतात, पण ते आकडे नेमाने उडणाऱ्या इंजिनाचे. नुसतं उभं राहिलेलं त्याच्या कितीतरी आधी हात टेकू शकतं.

‘जमिनीवरच दहा मिनिटं सुरू करून ठेवायचं’ हा उपाय मला तीन जणांनी सुचवला. तो करू नका. तेल पुरेसं तापल्याशिवाय, म्हणजे ८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन तिथे काही वेळ राहिल्याशिवाय, त्यातलं पाणी उडून जात नाही. जमिनीवर ते सहसा तेवढं तापत नाही. उलट इंधन जळताना तयार होणारी वाफ तेलात मिसळते. दहा मिनिटं सुरू करण्यापेक्षा न सुरू केलेलं बरं. उडवायचं तर किमान अर्धा-पाऊण तास.

मी घेतलेलं विमान दिसायला साधं आहे. रंग फिका, डावीकडच्या दाराचं रबर फाटलेलं. पण आधीच्या मालकांनी ते दर वर्षी ८०-९० तास उडवलं होतं, फक्त शेवटचे आठ महिने सोडून. ७८ हजार डॉलर मोजले. या आठ महिन्यांचा हिशेब पहिल्या ऑइल बदलात समोर आला. दर वेळी मी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. पहिल्या अहवालात लोखंड जास्त निघालं. फिल्टर कापून आतला कागद उलगडला, चुंबक फिरवलं. कीस नव्हता, पण दोन रात्री झोप लागली नाही. मेकॅनिक म्हणाले, आणखी २५ तास उडव, मग पुन्हा पाठव. दर आठवड्याला नेलं. पुढच्या अहवालात आकडा खाली आला, त्याच्या पुढच्यात आणखी खाली.

ऑइल बदलणं, प्लग काढून साफ करणं, टायर बदलणं, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस भरणं ही कामं इथल्या नियमांनुसार वैमानिक-मालक स्वतः करू शकतो. लॉगबुकात नोंद आणि सही करायची. मला यात जी गोडी लागली ती अपेक्षित नव्हती. माझ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी आहे, ते मुळात ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेलं. आज मिळतं ते निळं १००एलएल, ज्यात शिसं असतं. ते शिसं खालच्या प्लगांमध्ये बारीक खड्यांसारखं साचतं. एका सकाळी उड्डाणापूर्वीच्या तपासणीत मिनिटाला १७०० फेऱ्यांवर उजवा मॅग्नेटो (प्लगना ठिणगी पुरवणारं यंत्र) एकटा चालवून पाहिला तर फेऱ्या २०० ने पडल्या आणि इंजिन खडखडायला लागलं. पुस्तकातली मर्यादा १२५. मिश्रण पातळ करून, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी करून, फेऱ्या वाढवून मिनिटभर जाळलं, तरी फरक पडेना. परत दावणीला आणलं, खालचे चारही प्लग काढले. दोन खड्यांनी गच्च भरलेले. त्या दिवशी मुलीला घेऊन ‘केप मे’ या समुद्रकाठच्या गावी जायचं ठरलं होतं, ती रागावली. आता जमिनीवर चालवतानाही मी मिश्रण पातळच ठेवतो. तेव्हापासून तो प्रकार झाला नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. दर उड्डाणाआधी तीन ठिकाणांहून थोडं पेट्रोल पारदर्शक नळीत काढून बघायचं. पाणी जड, ते तळाशी बसतं. जुलैमध्ये दोन दिवस धो धो पावसानंतर उजव्या टाकीतून काढलेल्या नळीत खाली बोटभर स्वच्छ थर आणि वर निळं. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालेलं होतं. पंख हलवून हलवून, अकरा नळ्या काढल्यावर निव्वळ निळं आलं. झाकणांची रबरं काही डॉलरांत मिळाली. नळी न बघता उडालो असतो तर काय, याचा विचार मी आजही करतो.

तिसरी बर्फाची. जूनमधली दमट संध्याकाळ, बाहेर २२ अंश. उतरताना पॉवर कमी केली आणि फेऱ्या आपोआप घसरू लागल्या. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोलची वाफ होताना तापमान वीसेक अंशांनी खाली जाऊ शकतं आणि हवेतलं पाणी तिथे गोठतं. हे परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं, पण उन्हाळ्यात हात पटकन तिकडे जात नाही. कार्ब हीटचा, म्हणजे तिथे गरम हवा सोडणारा, दांडा ओढला. इंजिन आणखी वाईट आवाज करू लागलं, कारण वितळलेला बर्फ पाणी होऊन आत जातो. तो दांडा पुन्हा ढकलायचा मोह त्या चार-पाच सेकंदांत फार होतो. ढकलू नका. मग एकदम सुरळीत झालं.

आता वार्षिक तपासणी, जिला सगळे अ‍ॅन्युअल म्हणतात. दर बारा महिन्यांनी अधिकृत निरीक्षकाकडून ती झाल्याशिवाय विमान उडवता येत नाही. मी मेकॅनिकच्या हाताखाली पॅनेल उघडणं, सीटा काढणं असली कामं केली. पैसे थोडे वाचले, पण खरा फायदा असा की आपल्या विमानाचं पोट आतून पाहिलं. सिलिंडरांत हवा भरून पाहिली तेव्हा तिसऱ्याने ८० पौंडांपैकी ५८ च दाब धरला आणि एग्झॉस्टमधून हवेची शीळ ऐकू आली, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. सिलिंडर उतरवून दुरुस्तीला गेला. सीटच्या रुळांची भोकं झिजलेली निघाली. जुन्या सेसनांमध्ये हा ठाऊक असलेला धोका आहे: उड्डाणाच्या वेळी कुलूप सुटून सीट मागे घसरली तर वैमानिकाचे हात-पाय सुकाणू-पेडलांपर्यंत पोहोचत नाहीत, आणि त्याने अपघात झाले आहेत. म्हणून या रुळांची तपासणी सक्तीची आहे. चालढकल न करता नवे रूळ घातले. सगळं मिळून ६३०० डॉलर. कार्यशाळेने दहा दिवस सांगितले होते, पाच आठवडे लागले. ते वसंतातले सर्वांत सुंदर पाच आठवडे होते आणि मला त्याचा राग अजून आहे. भाग यायला उशीर होणार हे फोन करून सांगता आलं असतं.

आता ज्यासाठी हे सगळं करायचं, त्याबद्दल. ब्लॉक आयलंडला गाडी आणि बोटीने जायचं तर दिवस जातो. आम्ही सव्वा-दीड तासात उतरतो, २५०० फुटांच्या धावपट्टीवर, आणि तिथून पायी समुद्रावर. पण माझ्या मनात राहील ते आईचं उड्डाण. सप्टेंबरमध्ये ती पार्ल्याहून आली होती, वय ७४. लहानपणी आमच्या गच्चीवरून जुहूची छोटी विमानं दिसायची, फ्लाइंग क्लबची. आवाज आला की मी जेवण सोडून पळायचो आणि ती मागून ओरडायची. तिला उजव्या सीटवर बसवलं आणि हडसन नदीवरून नेलं. नदीवर १३०० फुटांखालून नियंत्रकाच्या परवानगीशिवाय जाता येतं; प्रत्येकाने उजवा काठ धरायचा, दिवे चालू ठेवायचे, वेग १४० नॉटच्या आत आणि ठरलेल्या खुणांवर रेडिओच्या १२३.०५ या फ्रिक्वेन्सीवर आपली जागा सांगत राहायचं. २००९ च्या ऑगस्टमध्ये तिथे एक छोटं विमान आणि हेलिकॉप्टर आदळून नऊ माणसं गेली, त्यानंतर हे नियम सक्तीचे झाले. व्हेराझानो पुलावरून आत शिरलो, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा डावीकडे आमच्यापेक्षा बराच खाली, उजवीकडे मॅनहॅटन. आई काहीच बोलली नाही. जॉर्ज वॉशिंग्टन पूल मागे पडल्यावर हेडसेटमध्ये म्हणाली, “आवाज अगदी जुहूच्या विमानांसारखाच आहे रे.”

चार सीट म्हणजे चार माणसं नव्हेत, हेही सांगतो. कमाल वजन २३०० पौंड, माझं विमान रिकामं १४२० चं. टाक्या पूर्ण भरल्या की वापरता येणारं पेट्रोल ३८ गॅलन, गॅलनला सहा पौंड, म्हणजे २२८. उरले ६५२. १७० पौंडांची चार माणसं ६८० होतात, म्हणजे सामान न घेताच वजन वर गेलं. दोन मोठी माणसं, एक मूल आणि पिशव्या, एवढंच धरून चाला. हवामानाचंही तसंच. माझ्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे ढगांत फक्त उपकरणं बघून उडायचा परवाना, नाही. ठरवलेल्या बाहेरगावच्या फेऱ्यांपैकी तिसरा हिस्सा ढगांमुळे रद्द झाल्या. सोमवारी कामावर हजर राहायलाच हवं असेल तर रविवारी विमानाने परतण्याचा भरवसा धरू नका.

खर्च: पेट्रोल साधारण ६५००, दावणीचं भाडं २१००, विम्याचे दोन हप्ते ३१००, अ‍ॅन्युअल ६३००, तेल-फिल्टर-किरकोळ ९००. बेरीज १८,९०० डॉलर, म्हणजे तासाला १४९. पुढच्या ओव्हरहॉलसाठी तासाला १८ बाजूला टाकतो, तेव्हा १६७. याच विमानतळावर भाड्याने १७२ घेतलं तर १८० पडतात. वर्षाला शंभर तास उडूनही वाचतं ते इतकंच, आणि ७८ हजार गुंतलेले ते वेगळेच. पन्नास तास उडणाऱ्याने भाड्यानेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते फक्त पैशांमुळे नाही. आठवड्यातून एकदा दावण सोडणं ज्याला जमणार नाही, त्याच्याकडे विमान हळूहळू मरतं.

मलाही हे पूर्ण जमलं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ, वारा आणि कामाचा ताण यांत मिळून सहाच तास झाले. त्या दिवसांत पंखांवरचा बर्फ झाडायला जायचो तेव्हा इंजिनात वर कोरड्या पडलेल्या कॅमशाफ्टचंच डोक्यात असायचं. म्हणून आता भागीदार शोधतो आहे. खर्च अर्धा होईल, पण मला तो त्यासाठी नको आहे. मी शनिवार-रविवार उडतो. मला असा वैमानिक हवा ज्याची बुधवारची सकाळ मोकळी असते.