ॲझ्युअर ॲप सर्व्हिसच्या पोर्टलवरून सेटिंग्ज: दहा महिने वापरल्यावर

आमचं ॲप एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी आहे. दिवसभर दुकानं फिरून वसुली करायची आणि संध्याकाळी ६ ते ७:३० च्या दरम्यान भरणा करायचा, हा त्यांचा शिरस्ता. दहा महिन्यांपूर्वी ते ॲप ॲझ्युअर ॲप सर्व्हिसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर ॲप चालवायच्या सेवेवर, नेलं. रीजन सेंट्रल इंडिया, म्हणजे आपलं पुणंच. डेटाबेसचा पत्ता, एसएमएस गेटवेची यूआरएल, एका पावतीची कमाल रक्कम हे सगळं पोर्टलच्या, म्हणजे सेवेच्या वेबसाइटच्या, ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ पानावर ठेवलं. आधी एक आकडा बदलायचा तरी नवं बिल्ड काढावं लागायचं, आता दोन मिनिटांचं काम.

सोय खरी आहे, पण ती कशी चालते हे आधी नीट समजून घ्या. पोर्टलवर लिहिलेली व्हॅल्यू ॲप सुरू होताना त्याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे कोडबाहेरून दिलेली नाव-किंमत जोडी, म्हणून मिळते. आमचं ॲप ज्यावर लिहिलंय ते डॉटनेट आधी कोडसोबतची ॲपसेटिंग्जची फाइल वाचतं, मग एन्व्हायर्नमेंट, आणि नंतर वाचलेलं आधीच्याला झाकतं. म्हणून कोडला हात लावावा लागत नाही. आणि म्हणूनच नाव चुकलं तर एरर येत नाही, फाइलमधली जुनी व्हॅल्यू मुकाट्याने चालू राहते.

पहिल्याच आठवड्यात आम्ही यात अडकलो. फाइलमध्ये ‘एसएमएस’ गटाच्या आत ‘यूआरएल’ आहे. पोर्टलवर नाव देताना गट आणि नाव यांच्यामधे विंडोजवर कोलन चालतो, लिनक्सवर त्याऐवजी जोडून दोन अंडरस्कोअर लागतात. मी एकच दिला होता. पोर्टलवर खऱ्या गेटवेची यूआरएल दिसत होती आणि एजंटांचे मेसेज मात्र चाचणीच्या गेटवेकडे जात होते. शेवटी ॲप चालतं त्या कंटेनरमध्ये दुरून (एसएसएचने) शिरून सगळी व्हेरिएबल्स छापली, तेव्हा ती एकुलती एक रेघ दिसली. तेव्हापासून गरजेच्या सेटिंग्ज फाइलमध्ये रिकाम्याच ठेवतो आणि त्या मिळाल्या नाहीत तर ॲप सुरूच होऊ देत नाही. हा बदल सगळ्यांनी करावा, अगदी मनापासून सांगतो.

दुसरी गोष्ट रीस्टार्टची. सेटिंग बदलली की ॲप पुन्हा सुरू होतं. प्रोसेसला नवं एन्व्हायर्नमेंट द्यायचं तर दुसरा मार्ग नाही. एकदा मी संध्याकाळी पावणेसातला कमाल रक्कम वाढवली. आमची सेशन्स, म्हणजे कोण लॉगइन आहे याची नोंद, ॲपच्या मेमरीत होती, भरणा करत असलेले सगळे एजंट एकदम लॉगआउट झाले. एका काकांनी चाळीस पावत्या पुन्हा भरल्या. फार वाईट वाटलं. आता सेशन्स रेडिस या ॲपबाहेरच्या साठ्यात आहेत, आणि वरचेवर बदलणारे आकडे डेटाबेसच्या टेबलात. पोर्टलवर फक्त क्वचित बदलणारं राहिलंय.

स्टेजिंग स्लॉट, म्हणजे नवी आवृत्ती आधी तपासायची वेगळी जागा, वापरत असाल तर ‘डिप्लॉयमेंट स्लॉट सेटिंग’ची खूण तपासा. ती नसेल तर स्वॅप करताना, म्हणजे ती आवृत्ती प्रॉडक्शनशी (लोक वापरतात त्या ॲपशी) अदलाबदल करताना, सेटिंग ॲपबरोबर पलीकडे जाते, म्हणजे चाचणीचा डेटाबेस थेट प्रॉडक्शनला जोडला जातो. आम्ही आधी प्रिव्ह्यू घेऊन स्वॅप करतो, म्हणून वाचलो.

पासवर्ड की व्हॉल्ट या ॲझ्युअरच्या तिजोरीत आहेत, सेटिंगमध्ये फक्त त्यांचा संदर्भ. संदर्भात पासवर्डचं व्हर्जन लिहिलं नाही तर बदललेला पासवर्ड २४ तासांच्या आत आपोआप उचलला जातो. घाई असेल तर एखादी सेटिंग बदलायची, मग ॲप रीस्टार्ट होऊन तो लगेच उचलला जातो.

एक उणीव राहतेच. सेटिंगशेजारी ‘ही कशासाठी’ असं लिहायला जागा नाही. म्हणून दर बदलाआधी ‘ॲडव्हान्स्ड एडिट’मधलं जेसन कॉपी करून, गुपितं वगळून, कोडच्या रिपॉझिटरीत टाकतो आणि त्या बदलाच्या नोंदीत (कमिटमध्ये) कारण लिहितो. गेल्या महिन्यात टीममध्ये आलेल्या मुलीने ती नोंद वाचूनच एसएमएसची सेटिंग बदलली. रात्री ९ नंतर, भरणा संपल्यावर.