बगॅसमधले लिग्निन वेगळे काढायचे तर कोणती पद्धत?

कोरड्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चिपाडात, ढोबळमानाने 40 ते 45 टक्के सेल्युलोज, 25 ते 30 टक्के हेमिसेल्युलोज आणि 20 टक्क्यांच्या आसपास लिग्निन (धागे एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) असते. पद्धत निवडण्याआधी एवढे ठरवा: लिग्निनचे काय करणार?

ते बॉयलरमध्येच जाळायचे असेल तर सौम्य आम्ल पुरते. 1 टक्का सल्फ्युरिक आम्ल, 160 अंश सेल्सिअस, 10 ते 20 मिनिटे, की हेमिसेल्युलोजचे झायलोज (एक साखर) होऊन पाण्यात उतरते. वेळ लांबला तर झायलोजचे फुरफुराल होते आणि पुढे ही साखर आंबवताना यीस्ट मंदावते. चुन्याने आम्ल मारल्यावर जिप्समचा गाळ पडतो, तोही उचलावा लागतो. मात्र आम्लात लिग्निनचे तुटलेले तुकडे कार्बन-कार्बन बंधांनी पुन्हा जुळतात, आणि ते बंध नंतर सहजी तुटत नाहीत.

लिग्निन रेझिनसाठी विकायचे असेल तर ऑर्गनोसॉल्व्ह (सेंद्रिय विद्रावकात लिग्निन विरघळवण्याची पद्धत) घ्या: 60 टक्के इथेनॉल, थोडे आम्ल, 180 ते 190 अंश, तासभर. इथे दोन चुका हमखास होतात. ताज्या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते. 1 किलो ओल्या मालावर 3.5 किलो द्रावण ओतले की 60 टक्के इथेनॉल साडेबावन्नवर येते, म्हणून ते पाणी आधीच हिशेबात धरा. दुसरे, लगदा साध्या पाण्याने धुऊ नका. लिग्निन धाग्यांवरच परत बसते. आधी गरम इथेनॉल-पाण्याने धुवा, मगच पाण्याने.

फिनॉलवर्गीय रसायने हवी असतील तर तिसरा मार्ग, रिडक्टिव्ह कॅटॅलिटिक फ्रॅक्शनेशन. यात लिग्निन सुटताक्षणी उत्प्रेरक त्याची चंचल टोके हायड्रोजनने शांत करतो, त्यामुळे तुकडे पुन्हा जुळत नाहीत. प्रयोगशाळेत 10 ग्रॅम कोरडा, दळलेला माल, 100 मिली मिथेनॉल, उत्प्रेरक म्हणून कार्बनवरचे 5 टक्के रुथेनियम 1 ग्रॅम, थंड असताना 30 बार हायड्रोजन, मग 230 अंशांवर 3 तास. मिथेनॉलचे क्रांतिक तापमान 239 अंश आहे. त्याच्या जवळ द्रव खूप फुगतो, म्हणून रिॲक्टर निम्म्याच्या आत भरा आणि भांडे 150 बार तरी पेलणारे घ्या. ढवळणे कमी पडले तर तपकिरी डिंकच हाती येतो. गंधक असलेला माल उत्प्रेरकातल्या धातूला विषारी ठरतो.

या मार्गाची ताकद खरी आहे: बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाच्या गटाने 2020 मध्ये बर्चच्या लाकडातले 78 टक्के वजन उपयोगी पदार्थांत उतरवून दाखवले. बर्चमध्ये जवळपास निम्मे लिग्निन सुट्या एकक रेणूंच्या (मोनोमर) रूपात मिळते. गवतवर्गीय बगॅसकडून तेवढी अपेक्षा धरू नये. खरी अडचण मात्र उत्प्रेरकाची पूड लगद्यात अडकण्याची. जाळीच्या टोपलीत उत्प्रेरकाच्या गोळ्या ठेवल्या तर ती अडचण सुटते, पण वेग घटतो. किलोमागे 10 लिटर विद्रावक लागतो आणि तो ऊर्ध्वपातनाने परत मिळवण्याचा वाफखर्च सर्वांत जड.

महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत बगॅस सहवीजनिर्मितीत आधीच पैसे देतो. फिनॉलचा ग्राहक हातात नसेल तर ऑर्गनोसॉल्व्हपासून सुरुवात करावी, आणि त्यातही आधी विद्रावक परत मिळवण्याची यंत्रणा बसवावी.